विमानाचा हिशेब, कापसाचा हिशेब



नवी मुंबईत खांदेश्वर स्टेशनजवळच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. कंपनी मार्ग कसा ठरवते? इंधन, पगार, विमानाचे भाडे यांची बेरीज करते आणि किती खुर्च्या भरल्या तर खर्च निघेल ते पाहते. तेवढ्या भरत नसतील तर विमान दुसऱ्या मार्गावर नेते. शिवाय २०१६ च्या ‘उडान’ योजनेत निवडलेल्या मार्गांवरची तूट सरकार तीन वर्षे भरून देते. अमरावती-मुंबई विमान एप्रिल २०२५ मध्ये याच योजनेतून सुरू झाले.

अमरावतीच्या विमानाशी आमचे भांडण नाही. पण हा हिशेब त्यांनी केला तर व्यवहार, आम्ही केला तर रडगाणे! आम्हाला शेत उचलून दुसरीकडे नेता येत नाही. आणि नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, ते वर्षअखेरपर्यंत. त्यांची तूट भरायची आणि आमची वाढवायची, हे कसले धोरण?

आम्हाला भीक नको. कापूस-ज्वारीचा खर्च खरा धरा आणि भाव पाडू नका. जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपला एकरी खर्च कागदावर मांडून आणावा.