आणीबाणीचा ठराव आणि तिजोरीची किल्ली

‘आणीबाणी’ हा शब्द राजधानीत सहजासहजी कोणी उच्चारत नाही. २५ जून १९७५च्या रात्रीची सावली अजूनही त्याच्यावर आहे. त्यामुळे जगभरातील अनेक नगरपालिकांप्रमाणे दिल्लीनेही ‘हवामान आणीबाणी’ जाहीर करावी, अशी सूचना पुढे आली, की सत्ताधारी आणि विरोधक दोघेही अस्वस्थ होतात. दिल्लीच्या विधानसभेला घटनात्मक अर्थाने आणीबाणी पुकारण्याचा अधिकार नाही. तो ठरावच असेल. प्रश्न एवढाच, की अशा ठरावाने काय साधेल?

बाहेरचा अनुभव संमिश्र आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नलगतच्या डॅरेबिन नगरपालिकेने डिसेंबर २०१६ मध्ये असा ठराव प्रथम केला. इंग्लंडमधील ब्रिस्टलने २०१८ मध्ये तोच मार्ग धरला. १ मे २०१९ रोजी ब्रिटिश संसदेने हवामान आणीबाणी मान्य केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट कायद्यात आणले. याउलट कॅनडाच्या कनिष्ठ सभागृहाने १७ जून २०१९ रोजी आणीबाणीचा ठराव संमत केला आणि दुसऱ्याच दिवशी तेथील सरकारने तेलवाहिनीच्या विस्ताराला परवानगी दिली. तात्पर्य, ठरावाचे मोल त्याच्या शब्दांत नसते. त्यानंतर सरकार काय करते, यात असते.

दिल्लीला परदेशी उदाहरणांची गरजही नाही. १ नोव्हेंबर २०१९ रोजी हवेच्या प्रदूषणामुळे राजधानी क्षेत्रात ‘सार्वजनिक आरोग्य आणीबाणी’ जाहीर झाली. शाळा बंद झाल्या, बांधकामे थांबली. काही दिवसांनी वारा सुटला, धुरके विरळ झाले आणि शहर पूर्ववत झाले. ज्या प्राधिकरणाने ती घोषणा केली, ते पुढल्याच वर्षी अध्यादेशाने विसर्जित झाले. त्या काळात सर्वाधिक किंमत मोजली ती हातावर पोट असलेल्या बांधकाम मजुरांनी. प्रदूषणामुळे काम बंद राहिल्यास त्यांना निर्वाह भत्ता द्यावा, हे २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला बजावून सांगावे लागले. ज्या आणीबाणीचा भार फक्त गरिबांवर पडतो, तिला धोरण म्हणता येत नाही.

तरीही संकट खोटे ठरत नाही. जुलै २०२३ मध्ये यमुनेने जुन्या रेल्वे पुलापाशी २०८.६६ मीटरची पातळी गाठून १९७८चा विक्रम मोडला. जून २०२४ मध्ये उष्णतेने दिल्ली होरपळत असतानाच, २८ तारखेला संपलेल्या चोवीस तासांत सफदरजंग केंद्रावर २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये अनुस्यूत असल्याचे म्हटले. हक्क मान्य झाला, तर तो पाळण्याचे दायित्व कोणाचे?

दिल्लीत खरी गोम इथेच आहे. कलम २३९ एए नुसार पोलिस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन केंद्राकडे आहेत. शहराचा आराखडा केंद्राच्या अखत्यारीतील दिल्ली विकास प्राधिकरण करते. नाले आणि रस्ते निरनिराळ्या यंत्रणांत वाटले गेले आहेत. मार्च २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या आपत्ती व्यवस्थापन दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्यांसाठी आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती प्राधिकरणाची तरतूद केली. पण दिल्ली आणि चंडीगड त्यातून वगळले. निधीची स्थितीही तशीच. राष्ट्रीय आपत्तींची यादी वाढवण्याची राज्यांची मागणी पंधराव्या वित्त आयोगाने मान्य केली नाही. त्यामुळे उष्णतेच्या लाटेसाठी राज्यांना आपत्ती निधीच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेतच हात-पाय पसरावे लागले.

मग ठराव करावा की नाही? मुंबईचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथील महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा मांडला, २०५० चे उद्दिष्ट ठरवले आणि २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्पाचा अहवालही काढला. आणीबाणी मात्र पुकारली नाही. हे काम स्तुत्य खरे. पण त्याच मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढली जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आराखड्यावर नगरसेवकांना जाब विचारता आला नाही. दिल्लीची अडचण नेमकी उलट आहे. इथे सभागृह आहे, पण त्याने स्वतःला कशातच बांधून घेतलेले नाही.

म्हणूनच दिल्ली विधानसभेने ठराव जरूर करावा, मात्र तीन अटींसह. पहिली, अर्थसंकल्पात प्रत्येक खात्याचा हवामानविषयक खर्च स्वतंत्र दाखवावा. दुसरी, काम थांबवण्याच्या प्रत्येक आदेशासोबत मजुरांच्या भत्त्याची तरतूद त्याच दिवशी व्हावी. तिसरी, केंद्राच्या अखत्यारीतील कामांची यादी सभागृहापुढे ठेवावी आणि दर अधिवेशनात तिचा हिशेब मागावा. फेब्रुवारी २०२५ मधील सत्तांतराने दिल्लीत आणि केंद्रात एकाच पक्षाचे सरकार आणले. त्यामुळे ‘केंद्र अडवते’ आणि ‘राज्य करत नाही’ ही जुनी जुगलबंदी आता निमित्त म्हणून पुढे करता येणार नाही.

या अटी नसतील, तर ठराव न केलेलाच बरा. एक आणीबाणी दिल्लीने २०१९ मध्ये वाऱ्याच्या भरवशावर काढली. पुराचे पाणी आणि जूनचे ऊन तेवढी सवलत देत नाहीत.