कुत्र्याचे कुलगोत्र

गेल्या साली मी ‘पग’ जातीचे पिल्लू आणले आणि त्याच्या वंशावळीचा कागद आळीभर मिरवला! सोयरिकीत कुलगोत्र पाहू नये, असे मीच लोकांना सांगतो. कुत्र्याचे मात्र पाहिले! १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला आणि ही कागदी कुलीनता फोफावली. दंड भरते मुके जनावर. चपट्या नाकाच्या हौसेपायी पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच जोड्या लावल्या; आता आमच्या राजाला वैशाखात धड श्वास घेववत नाही. दाराशीचा गावठी मोत्या त्याच वैशाखात ओट्याखाली खुशाल झोपतो. वाचकहो, आपल्याला कुत्रा नको असतो, प्रतिष्ठा हवी असते! राजाला मी जपेनच. पण तसे दुसरे आणणार नाही. यंदा वसुबारसेला मोत्या घरात येईल. त्याने माझे कुळ कधी विचारले नाही.