घरातली कॅसेट, घरातली प्रत आणि ‘चोर’ म्हणे आपण!

मंडळी, जुन्या कॅसेटवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतोय म्हटलं की कुणीतरी लगेच म्हणतं, "अहो, ही तर पायरसी!" हा शब्द आपल्या तोंडी कंपन्यांनीच बसवलाय.

१९८१ साली ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने मोहीम काढली होती. म्हणणं काय, तर घरी टेप करणं म्हणजे संगीताचा जीव घेणं. चिन्ह होतं कवटीच्या जागी कॅसेट आणि खाली दोन हाडं! मेलं का संगीत? उलट सीडी आली, लोकांनी घरात होती तीच गाणी पुन्हा विकत घेतली आणि नव्वदच्या दशकात कंपन्यांनी रग्गड कमावलं.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक कामासाठी रास्त वापराची सूट आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने ती ध्वनिमुद्रणांनाही लागू झाली. विकत घेतलेल्या कॅसेटची स्वतःपुरती प्रत काढणारा आणि रस्त्यावर नकली सीड्या विकणारा, हे दोघे माझ्या मते एका माळेचे मणी नाहीत. दुसऱ्याला खुशाल पकडा. पहिल्याला कशाला दम देता?

"पण कलाकाराचं नुकसान होतं!" बरं. त्याच २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले. विरोध कुणाचा होता? निर्मात्यांचा आणि संगीत कंपन्यांचा! कलाकाराचा एवढा कळवळा, मग त्याला वाटा देताना पोटात का दुखलं?

आता तर गाणं विकतच नाहीत, भाड्याने देतात. पैसे भरणं थांबलं की गाणी बंद. कंपन्यांचा आपसातला करार संपला की पैसे भरूनही गाणं यादीतून गायब. इकडे कपाटातल्या फितीला बुरशी लागतेय आणि त्यातलं कितीतरी कंपनी पुन्हा काढणार नाही. माझ्याकडे अशी दोन खोकी आहेत. नाट्यपदं, कीर्तनं, लोकगीतं. कंपनीला त्यात धंदा दिसत नाही, म्हणून मी ती सडू द्यायची?

विकू नका, गावभर वाटू नका. पण आपल्या पैशाने घेतलेलं आपल्यासाठी जपायला लाजू नका. पावसाळ्याआधी खोकी उघडा.