बाबांचा नॅरो गेज

या वेळचं मोजमाप आमच्या बाबांच्या कमरेचं आहे. पँटसाठी घेतात ते नाही, आतल्या मणक्याचं.

आमचं गाव सौंसर तालुक्यात. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी पत्ता सांगताना तोंडात अजून छिंदवाडाच येतं. घरापासून आमची संत्र्याची बाग अर्ध्या किलोमीटरवर. दिवाळीत गेलो तेव्हा पाहिलं, तर बाबा एवढ्याशा अंतरालाही सायकल काढत होते. विचारलं तर म्हणाले, "पायी चाललो की पाय जड पडते. तीन खांब झाले की बसाच लागते. बसलो की मोकळं. सायकलवर काईच होत नाही."

मला वाटलं, हा चालण्याचा कंटाळा. चालता येत नाही त्याला सायकल कशी चालवता येईल? मनातल्या मनात का होईना, म्हाताऱ्याला खोटं पाडलं याची आता लाज वाटते.

पांढुर्ण्याला जाऊन कमरेचा एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये 'वयोमानानुसार झीज' एवढंच. आपण पडलो इंजिनिअर. फिल्म खिडकीला लावून फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला आणि मोजायला बसलो.

समोरून काढलेल्या एक्स-रेत प्रत्येक मणक्यावर दोन डोळ्यांसारखी अंडाकृती वर्तुळं दिसतात. ते पेडिकल, म्हणजे मणक्यातल्या पोकळीच्या दोन्ही बाजूंचे हाडाचे खांब. एका वर्तुळाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे त्या पोकळीची रुंदी. मूळ मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली फक्त नसांचा जुडगा, घोड्याच्या शेपटीसारखा, पायांकडे आणि लघवीच्या पिशवीकडे जाणारा. कमरेचे मणके पाच आणि ही रुंदी सहसा खाली खाली वाढत जाते. न्यूयॉर्कच्या एल्सबर्ग आणि डाइक या डॉक्टरांनी 1934 मध्ये हीच अंतरं फिल्मवर मोजून मणक्याच्या आतली गाठ शोधण्याची पद्धत मांडली होती. गाठ वाढली की दोन डोळ्यांतलं अंतर वाढतं. सीटी नाही, एमआरआय नाही, फक्त फिल्म आणि पट्टी. मला हे फार आवडलं.

पण माझं उत्तर उलटं आलं. चौथ्या मणक्याची रुंदी 17 मिलिमीटर. मोठ्या माणसात ती साधारण तेवीस-चोवीसच्या आसपास असते असं वाचलं होतं. घाम फुटला. सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा लाइन पूर्वी 762 मिलिमीटरची नॅरो गेज होती, आता ती 1676 ची ब्रॉड गेज झाली. "बाबांचा मात्र नॅरो गेजच राहिला," असं मी बायकोला म्हणालो. तिला हसू आलं नाही, मलाही नाही. रात्री दोन वाजेपर्यंत ऑपरेशनचे व्हिडिओ पाहत बसलो.

चूक सकाळी सापडली. डिजिटल एक्स-रेची फिल्म कागदाच्या मापात बसवायला लहान करून छापतात. कडेला बारीक रेघांची पट्टी असते, तिच्याकडे मी पाहिलंच नव्हतं. तिथले 10 सेंटिमीटर माझ्या फिल्मवर 6.4 भरत होते. म्हणजे 17 चे झाले साडेसव्वीस. तेही खरं माप नाही. एक्स-रेचे किरण एका बिंदूतून फाकत येतात, त्यामुळे खालच्या प्लेटवर सावली मोठी पडते, कंदिलासमोर हात धरला की भिंतीवर पडते तशी. नळी प्लेटपासून 100 सेंटिमीटरवर आणि मणका प्लेटच्या 12 सेंटिमीटर वर धरला, तर शंभर भागिले अठ्ठ्याऐंशी, म्हणजे सावली जवळपास चौदा टक्के मोठी. उलटा हिशेब करून उत्तर आलं 23.4. नॉर्मल! मी बाबांना फोन करून सांगूनही टाकलं की काही नाही, चालत जा.

तरीही नागपूरला मणक्याच्या डॉक्टरांकडे नेलं, कारण आईने ऐकलं नाही. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. बाबांना विचारलं, "काका, किती चालता?" बाबा म्हणाले, "तीन खांब." "थांबल्यावर नुसतं उभं राहून बरं वाटते, का वाकावं लागते?" "वाकलो, बसलो की बरं." "आणि सायकल?" "सायकल पाहिजे तेवढी." मग त्यांनी बाबांच्या पावलांवर नाडी चाचपली. पायांचा रक्तपुरवठा कमी असेल तर सायकलवरही पोटऱ्या दुखतात आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबतात. मणक्याची वाट अरुंद असेल तर वाकल्यावर ती थोडी उघडते आणि नसांना जागा मिळते. सायकलवर माणूस वाकलेलाच असतो. मी ज्याला कंटाळा समजलो होतो, तोच रोगाचा पत्ता होता.

एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये पुढून मागे फक्त 8 मिलिमीटर जागा निघाली. डच सर्जन फर्बीस्ट यांनी 1950 च्या दशकात हा आजार नीट मांडला. दहाच्या खाली गेलं की नक्की अरुंद, ही खूणगाठ त्यांचीच. माझं 23.4 चुकलं नव्हतं, पण ते होतं डावी-उजवीकडचं आणि हाडाचं. बाबांची वाट अडवली होती पुढून फुगलेल्या गादीने आणि मागून जाड झालेल्या लिगामेंटने. या दोन्ही गोष्टी साध्या एक्स-रेत दिसतच नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं की पावलात ताकद आहे, तेव्हा घाई नाही. व्यायाम करा, संत्र्याचं कॅरेट उचलू नका, सहा आठवड्यांनी या. पाऊल लोंबायला लागलं, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी या, रात्र असली तरी. हे वाक्य मी आईकडून दोनदा म्हणवून घेतलं. बाबांचा प्रश्न वेगळाच होता. "तोवर जामसावळीच्या मारुतीसारखा पडून राहू काय?" तिथला मारुती निजलेला आहे, हे डॉक्टरांना माहीत होतं. ते हसले आणि म्हणाले, "नाही, चाला. पाय जड झाले की बसा, पुन्हा चाला."

ऑपरेशनवरून आमच्या घरात अजून एकमत नाही. मला वाटतं लवकर करून टाकावं. बाबा म्हणतात, आंबिया बहार निघू दे. तोवर रोज संध्याकाळी फोन येतो. मागच्या आठवड्यात तीन खांब होते. काल चार झाले, पण चौथ्याला टेकून उभं राहावं लागलं, असं आईने मागून ओरडून सांगितलं.