‘चालायचंच’ म्हणण्याची किंमत

प्रत्येक गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज घ्यावी, असं आपलं सरकारी धोरण आहे. सरकारी दवाखान्यात आणि उपकेंद्रात ही गोळी मोफत मिळते, आशाताई ती घरपोचही आणून देतात. तरीही २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता देशभरात जेमतेम २६ टक्के निघाल्या. त्याच पाहणीत निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. याला कारणं अनेक आहेत. नाव उशिरा नोंदवलं जातं, पुरवठा मध्येच तुटतो, मुळात लग्नाआधीपासूनच मुलींच्या अंगात रक्त कमी असतं. पण एक कारण असं आहे की, ते गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असूनही धोरणाच्या कागदांत त्याला फारशी जागा मिळत नाही. गोळीने मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव येते, शौचाला काळी होते आणि खडा धरतो. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतड्यांची हालचाल आधीच मंदावलेली असते, त्यात ही भर पडते. काळ्या शौचाला घाबरायचं कारण नाही, गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी जाणवते, ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घ्यायची नसते, आणि तरीही त्रास झाला तर औषध बदलून मिळू शकतं, हे सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं बहुतेकींच्या वाट्याला येत नाहीत. बाई गोळी बंद करते, डबा फडताळात राहतो आणि कार्डावर मात्र ‘गोळ्या दिल्या’ अशी नोंद असते.

बद्धकोष्ठतेसारखी ‘किरकोळ’ तक्रार रक्तक्षयासारख्या मोठ्या प्रश्नात अशी गुंतलेली असते. आपण मात्र गरोदर बाईच्या तक्रारींचे दोन कप्पे करून ठेवले आहेत. जिवावर बेतू शकेल ते पहिल्या कप्प्यात. त्यासाठी दवाखाना, रुग्णवाहिका, योजना. बाकी सगळं दुसऱ्यात: मळमळ, छातीतली जळजळ, कंबरदुखी, पोटऱ्यांत येणारे गोळे, तुटक झोप, सारखी लागणारी लघवी. या दुसऱ्या कप्प्यावर ‘चालायचंच, सगळ्यांनाच होतं’ एवढाच शेरा असतो आणि त्याची जबाबदारी कोणाचीच नसते. ही विभागणी वैद्यकीयदृष्ट्या चुकीची आहे आणि ती महागात पडते, असं माझं ठाम म्हणणं आहे. गरोदरपणात शरीरातलं रक्ताचं एकूण प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढतं, सांध्यांचे बंध सैलावतात, जठराच्या तोंडाची झडप ढिली पडते, गर्भाशय मूत्राशयावर रेलतं. इतक्या उलथापालथीतून जाणाऱ्या शरीराला होणारा त्रास खरा असतो आणि त्यातला बराचसा कमी करता येतो.

उलट्यांचंच बघा. दहापैकी सात-आठ गरोदर बायकांना मळमळ किंवा उलट्यांचा त्रास होतो. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टर मंडळींतही असं मानणारे होते की, फार उलट्या होणाऱ्या बाईला मनातून मूल नकोसं असतं. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या समजुतीखालची जमीनच काढून घेतली. गर्भ आणि वार यांच्याकडून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात मोठ्या प्रमाणात येतं. ज्या बाईच्या शरीराला गरोदरपणाआधी या संप्रेरकाची सवय कमी, तिला त्रास जास्त. या संशोधनातल्या एक प्रमुख शास्त्रज्ञ मार्लेना फेझो यांना १९९९ मध्ये स्वतःच्या गरोदरपणात इतक्या उलट्या झाल्या की पाणीही ठरेना. त्यांनी मूल गमावलं, आणि त्यांच्या डॉक्टरांनी तो त्रास लक्ष वेधून घेण्याचा प्रकार ठरवला होता. त्याच चिडीतून त्या या कारणाच्या शोधाला लागल्या. आपल्याकडे डोहाळजेवण हौसेने होतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी. पण तिसऱ्या महिन्यात फोडणीच्या वासानेच पोट ढवळून येणाऱ्या सुनेला चुलीपासून दोन महिने सुटका द्यावी, हे किती घरांत सुचतं?

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ‘गरोदरपणात औषधं नकोत, सोसलेलं बरं.’ या भीतीला इतिहास आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस थॅलिडोमाइड हे औषध गरोदर बायकांना मळमळीवर म्हणून दिलं गेलं आणि जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्माला आली. ही भीती निराधार म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची गोळी मळमळीवर वर्षानुवर्षं वापरात होती. कोर्टकचेऱ्यांच्या भडिमाराला कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये ती अमेरिकेतल्या बाजारातून काढून घेतली. व्यंगांचा आरोप अभ्यासांत टिकला नव्हता. गोळी गेली तशी व्यंगांची संख्या घटली नाही; उलट्यांपायी रुग्णालयात भरती व्हाव्या लागणाऱ्या बायकांची मात्र वाढली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हेच मिश्रण सुरक्षित ठरवून पुन्हा आणू दिलं. भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. मनाने, शेजारणीच्या सांगण्यावरून कोणतंही औषध घेऊ नये, हे शंभर टक्के खरं. पण औषध न घेणंही निर्धोक नसतं. उपास पडलेलं, सुकलेलं शरीर गर्भालाही पुरं पडत नाही. दिवसभर पाणी ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन उतरत असेल तर ते ‘डोहाळे कडक आहेत’ म्हणून सोडून द्यायचं नसतं, दवाखाना गाठायचा असतो.

दुसरा आक्षेप सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने केला जातो: आधी बायका मरताहेत ते थांबवा, कंबरदुखीचं मग बघू. महाराष्ट्राने मातामृत्यूंच्या बाबतीत खरोखर चांगलं काम केलं आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. पण मृत्यू थांबवण्याचं काम आणि त्रास ऐकण्याचं काम ही दोन वेगळी कामं आहेत, हेच मला मान्य नाही. गरोदरपणात रक्तदाब चढून होणारा पूर्वाक्षेपक, म्हणजे प्रीएक्लाम्पसिया, कसा सुरू होतो? डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज येते, छातीखाली बरगडीजवळ दुखतं. हे सगळं ‘नेहमीच्या’ तक्रारींचं रूप घेऊन येतं. संध्याकाळी पाय सुजणं बहुधा साधं असतं, पण एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं ही रक्ताची गुठळी असू शकते. पोटावर खाज सुटणं साधं. तळहात-तळपायांना रात्री झोपू न देणारी खाज यकृताच्या बिघाडाची खूण असू शकते. फरक ओळखायचा तर आधी बाईने सांगायला हवं आणि कोणीतरी ऐकायला हवं. सात महिने प्रत्येक तक्रारीला ‘चालायचंच’ हे उत्तर मिळालेली बाई आठव्या महिन्यातली डोकेदुखी सांगायला तोंड उघडत नाही. जिवावरची लक्षणं तिच्या मौनात दडून जातात.

आता कामाच्या जागेकडे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे झाली, तिचं कौतुक योग्यच आहे. पण त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ आठवडेच घेता येतात. उरलेल्या सात महिन्यांत, म्हणजे उलट्यांच्या आणि वाढत्या पोटाच्या काळात, कायदा जवळपास गप्प आहे. एक चांगलं कलम आहे: कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम गरोदर बाईला देऊ नये. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलं आहे. मात्र ते लागू होतं अपेक्षित तारखेच्या साधारण अडीच महिने आधीपासून, आणि तिने स्वतः मागणी केली तरच. साडीच्या दुकानात दहा तास उभी असलेली, उद्या कामावरून काढतील या धास्तीतली मुलगी ही मागणी कशी करणार? केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला, तो तिथल्या विक्रेत्या बायकांच्या लढ्यामुळे. महाराष्ट्राने तो ठळकपणे आणून गरोदर बाईसाठी पहिल्या दिवसापासून, अर्जाविना लागू करायला काय हरकत आहे? स्वच्छतागृहाचंही तसंच. जवळ सोय नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात, लघवी तुंबवून धरतात. गरोदरपणात यातून होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि वेळेआधी कळा सुरू करू शकतो. मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळीने हे दशकभराहून अधिक काळ ओरडून सांगितलं आहे.

ऊसतोडीच्या फडात तर कायद्याचा हा तोकडा हातही पोहोचत नाही. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उचल दोघांच्या नावाने, आणि एक दिवस कामावर आलं नाही तर खाडा. पोट घेऊन वाकायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे समितीला २०१९ मध्ये अशा १३ हजारांहून अधिक बायका आढळल्या. शरीराच्या त्रासाला जिथे सुट्टी नाही, आडोसा नाही, पाणी नाही, तिथे बायका काय पत्करतात, हे त्या आकड्यात दिसतं.

‘आमच्या आयांनी शेतात राबत दहा-दहा बाळंतपणं केली, त्या काय मेल्या?’ हा तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. दुर्दैवाने, मेल्याच. ज्या वाचल्या त्यांच्या आठवणी आपल्यापर्यंत आल्या. बाळंतपणात गेलेल्यांच्या आल्या नाहीत. आणि वाचलेल्यांपैकी कित्येकींचं अंग बाहेर येणं, पाठ कायमची धरणं हे त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. याच आक्षेपाची आधुनिक आवृत्ती थोडी विचार करण्याजोगी आहे: गरोदरपण म्हणजे आजारपण नव्हे, तसं म्हणाल तर बायकांना कामावरून घरी बसवायला निमित्त मिळेल. ही भीती मला पटते. म्हणूनच मागणी सक्तीच्या विश्रांतीची नाही. बहुतेक बायका नववा महिना लागेपर्यंत उत्तम काम करू शकतात, करू इच्छितात. चालणं-फिरणं त्यांच्या हिताचंच असतं. हवं आहे ते खुर्ची, पाण्याची बाटली, लघवीला जायची मोकळीक, तपासणीच्या दिवशी पगार न कापता दोन तासांची सूट, गर्दी टाळता येईल अशी कामाची वेळ. अमेरिकेत जून २०२३ पासून लागू झालेला गरोदर कामगारांचा कायदा नेमक्या याच प्रकारच्या सवलती मालकावर बंधनकारक करतो, आणि दुसरी सवलत शक्य असताना बाईला रजेवर जायला भाग पाडू नये, असंही सांगतो.

मालक म्हणतील, एवढं सगळं गळ्यात पडणार असेल तर आम्ही बायकांना कामावरच घेणार नाही. लांब रजेच्या पगाराबाबत ही तक्रार अगदीच खोटी नाही, कारण कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या आस्थापनांत २६ आठवड्यांचा पूर्ण पगार एकट्या मालकाला द्यावा लागतो. विमा योजनेत तो भार निधीतून उचलला जातो. तिची २१ हजार रुपयांची वेतनमर्यादा वाढवणं हा त्यावरचा रास्त उपाय आहे. पण खुर्चीला आणि लघवीच्या सुट्टीला किती खर्च येतो? त्यासाठी बाईला नोकरी नाकारणाऱ्या मालकाची अडचण पैशाची नसतेच. शासनाचा हिशेबही तपासून पाहावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीत नसलेल्या गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० मिळतात आणि दुसऱ्या वेळी ६,००० मिळतात ते मुलगी झाली तरच. मुलगा पोटात असताना कंबर कमी दुखते, मजुरी कमी बुडते, असं काही नाही. ही अट काढून टाकली पाहिजे आणि रक्कम निदान शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी भरून निघेल इतकी केली पाहिजे.

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांची नोंद होते, ती हवीच. त्या कार्डावर आणखी चार ओळी छापाव्यात: झोप लागते का, गोळी सोसते का, कामावर बसायला आणि लघवीला जायला मिळतं का, आणि सध्या सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो. उत्तर लिहून घेतल्याशिवाय कार्ड परत देऊ नये. सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा सासूबाईंनाही त्या वेळी आत बोलवावं, कारण घरातली जड कामं कोणी उचलायची, हे तिथेच ठरू शकतं. आणि तुमच्या दुकानात, कारखान्यात, शाळेत, घरकामाला एखादी गरोदर बाई उभ्याने काम करत असेल तर कायद्याची आणि तिच्या अर्जाची वाट न पाहता उद्या सकाळी तिला बसायला खुर्ची द्या.