जयंतीला डीजे, पुराव्याला मोडका लॅपटॉप

अत्याचाराची बातमी आली की आमचे कार्यकर्ते मोटारसायकल काढतात आणि गाव गाठतात. पाठीवर सॅक, सॅकमध्ये कोणी साहेबांनी वापरून दिलेला जुना लॅपटॉप. मराठवाड्यातील एका वस्तीवर आम्ही असेच गेलो होतो. जळालेले घर, फुटलेली भांडी, आयाबहिणींचे जबाब, दोन दिवसांचे चित्रीकरण झाले. जागा हवी म्हणून मोबाइलचे कार्ड आम्हीच पुसले. परतताना गाडी खड्ड्यात आदळली आणि लॅपटॉपची हार्ड डिस्क बसली. पंधरवड्याने पुन्हा गेलो तेव्हा भिंती सारवून झाल्या होत्या आणि दोन साक्षीदार बोलायला तयार नव्हते.

याची किंमत न्यायालयात कळते. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांचे हत्याकांड झाले. २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली शिक्षा झाली नाही. तपासात काय राहते आणि काय राहू दिले जाते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. म्हणून स्वतःची नोंद स्वतः ठेवणे भाग आहे.

ती नोंद टिकवायची कशी? इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलचा हॅशही द्यावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला अंकाक्षरांचा ठसा. फाइलमध्ये तिळभर बदल झाला तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो आकुंचन पावतो, मग मूळ फोटोशी ठसा जुळणार कसा? "मोबाइल आहे की!" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मूळ फाइल त्याच दिवशी, वस्तीवरच उतरवून तिचा हॅश काढून ठेवला पाहिजे. आणि ते यंत्र धूळ, ऊन, पाऊस, एसटीचे धक्के आणि लोडशेडिंग सोसणारे हवे.

अशी यंत्रे आहेत. सैन्य, वीज कंपन्या, सर्वेक्षणवाले ती वापरतात. घेताना आयपी ६५ पाहावे. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असावी, उन्हात दिसणारा पडदा असावा. 'मिलिटरी स्टँडर्ड ८१०' या शिक्क्याला मात्र एकदम भुलू नये. ती चाचणी बहुतेकदा कंपनीच स्वतः करते आणि कोणत्या चाचण्या केल्या तेही तीच ठरवते.

महाग आहेत, साध्या लॅपटॉपच्या कितीतरी पट. पण जयंतीच्या एका रात्री डीजे आणि कमानींवर काय उडते, हे प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराला विचारा! बाबासाहेब १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर गेले ते कागद आणि आकडे घेऊन गेले होते.

येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून प्रत्येक जिल्ह्याने एक यंत्र घ्यावे. वापरलेले पण धड मिळाले तरी चालेल. ते पुढाऱ्याच्या घरी नको, विहारात कुलपात राहावे. कोणी, केव्हा, कोणत्या गावी नेले याची वहीत सहीनिशी नोंद व्हावी. उलटतपासणीत पहिला प्रश्न त्या वहीबद्दलच येतो.