पाटीपूर्वी चिंचोके

तीन वर्षांच्या बालकाच्या हाती पेन्सिल देऊन त्याच्याकडून मुळाक्षरे गिरवून घेण्याचा जो शिरस्ता शहरांतून आणि आता खेड्यांतूनही रूढ झाला आहे, तो तत्काळ बंद व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मनगटातील आठही अस्थी जन्मसमयी कूर्चारूप असतात आणि त्या कठीण होण्यास कित्येक वर्षांची मुदत लागते. त्या मुदतीपूर्वीच लेखनाची सक्ती करणे म्हणजे कोवळ्या हातावर जुलूमच होय.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघांच्या सहकार्याने बोर्डी येथे आरंभिलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात, महागडी मॉन्टेसोरी साधने गरीब वस्तीच्या ऐपतीबाहेरची आहेत हे ओळखून, शंख-शिंपले, खडे आणि बिया यांनाच शिक्षणसाधनांचा दर्जा देण्यात आला. आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, या तजविजीतून अंगणवाडी जन्मास आली. चिंचोका चिमटीत धरणारे मूल अंगठा व तर्जनी यांचा जो मेळ साधते, तोच पुढे लेखणीच्या उपयोगी पडतो; आणि चिंचोके मोजता मोजता संख्येशी त्याचा परिचय होतो, तो वेगळाच.

मटार सोलणे, कणकेचा गोळा मळणे, झेंडूची फुले दोऱ्यात ओवणे, ही कामे आपल्या घराघरांत आहेत; परंतु पसारा होईल या भयाने आपण मुलांना त्यांपासून दूर ठेवतो, याचे मला अतिशय दुःख होते. बालवाडीच्या तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी यापुढे वह्यांचे दप्तर न मागता, मुलांपुढील चिंचोक्यांचे सूप पाहण्यास मागावे.